भाकरीचे माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषीस बोलवावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा कार्यकारिणीने तो बाजूस ठेवला आणि घरच्याच बाईला उभे केले. याबद्दल कार्यकारिणीचे आभार मानावेत की तिला दोष द्यावा, हे भाषण संपल्यावर आपणच ठरवा.

मला दिलेला विषय मोठा आहे. जगातील भूक हटविण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी मिळून चालविलेले प्रयत्न, आणि त्यासाठी जमीन, पाणी, झाडे व बियाणे यांची करावयाची राखण. हा विषय फलकावर लागला तेव्हा आपल्या एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाल्या, "अहो, हे दिल्ली-न्यूयॉर्कच्या मोठ्या माणसांचे काम. आपण बायकांनी ते ऐकून करायचे काय?" हा प्रश्न मला फार आवडला. प्रामाणिक प्रश्न आहे, आणि आज मी जे बोलणार आहे ते त्याचे उत्तर म्हणूनच.

उत्तराला आरंभ आपल्या स्वयंपाकघरातूनच करू. बाजरी, ज्वारी, नाचणी आणि चवळी ही नावे घेतली की आपल्याला वाटते, याहून देशी ते काय असणार! संक्रांतीच्या भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नसेल तर आपला सण होत नाही. परंतु शास्त्रज्ञांनी या धान्यांची कुळकथा शोधून काढली, ती निराळीच निघाली. ही चारही पिके मूळची आफ्रिका खंडातील. ज्वारी सुदानच्या बाजूची, नाचणी इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ मुलुखातील, चवळीही तिकडचीच. आणि बाजरी? ती सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. तेथल्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी रानटी गवतातून ती माणसाळविली. तेथून ती समुद्रमार्गे वा खुष्कीने आपल्याकडे आली, त्यालाही साडेतीन हजारांवर वर्षे लोटली. म्हणजे आपल्या भाकरीचे माहेर आफ्रिकेत आहे. लेक सासरी इतकी रमली की माहेरचे नावही कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पण माहेरी दुखणेबाणे असले तर लेकीने खबर घ्यावी, ही आपली रीत आहे. म्हणून आज साऱ्या जगाची फेरी न मारता मी तुम्हांला त्या एकाच मुलुखात घेऊन जाणार आहे.

त्या मुलुखाला साहेल म्हणतात. अरबी भाषेत 'साहिल' म्हणजे किनारा. वाळूच्या समुद्राचा हा किनारा अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत पसरलेला आहे. माली, बुर्किना फासो, नायजर, चाड हे देश त्यात येतात. पाऊस तीन-चार महिने, तोही लहरी. घरोघरी उखळात मुसळाने बाजरी कांडतात. बुर्किना फासोत तिच्या किंवा ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा करून भाजीच्या कालवणाशी खातात. नायजरमधील हाउसा लोक शिजवलेल्या बाजरीच्या पिठाचे गोळे आंबट दुधात कालवून पितात, त्याला 'फुरा' म्हणतात. आपली आंबील ज्यांनी प्यायली आहे त्यांना ही चव परकी वाटू नये.

या मुलुखात १९६८ पासून १९७३ पर्यंत अवर्षण पडले. गुरे लाखांनी मेली, आणि सुमारे एक लाख माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. आता १९७२ हे साल ऐकून तुमच्यापैकी साठीपुढच्या बायका एकमेकींकडे पाहत आहेत, ते मला दिसते आहे. तेच साल! इकडे आपल्या महाराष्ट्रातही तोच दुष्काळ होता. मी त्यावेळी माणदेशात शाळकरी मुलगी होते. आई खडी फोडायला जाई आणि येताना पदरात सुकडी आणी. त्या वर्षी अमेरिकेतून तांबडी मिलो ज्वारी आली होती. तिची भाकरी थापताना तुटे आणि घशाखाली उतरत नसे, म्हणून बायका तिला नावे ठेवीत. पण तिनेच पुष्कळ घरे जगविली, हेही खरे. सासरी आणि माहेरी एकदमच चूल विझली होती. पुढे दोन्हीकडे काय काय झाले, त्यात शिकण्यासारखे फार आहे.

पण त्याआधी भुकेशी लढण्याची ही जागतिक खटपट कोठून सुरू झाली, ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि वीस ते तीस लाख माणसे गेली. युद्ध संपताच १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक येथे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे आज रोममध्ये आहे, आणि तो दिवस जागतिक अन्न दिन म्हणून पाळतात. १९५६ पासून १९६७ पर्यंत या संघटनेचे प्रमुख होते बिनय रंजन सेन, एक भारतीय सनदी अधिकारी. बंगालमध्ये मदतकार्याचे आयुक्त म्हणून त्यांनी ती भूक डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनीच १९६० साली 'भुकेपासून मुक्ती' ही जागतिक मोहीम उघडली. पाठोपाठ जागतिक अन्न कार्यक्रम निघाला, ज्याला २०२० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भगिनींनो, मदतीचे दोन प्रकार असतात. एक पोत्याचा आणि दुसरा मातीचा. घरात आजच्या आज दाणा नसेल तर पोतेच हवे. तेथे कोणी तत्त्वज्ञान सांगू नये. पण पोते रिकामे होते. पुढच्या वर्षी पाऊस पडूनही तीच जमीन, तीच उघडी बोडकी, पाणी धरीत नसेल, तर पुन्हा हात पसरणे आलेच. साहेलमध्ये धान्याची जहाजे पुष्कळ गेली. परंतु तेथील माती जेथे सावरली, तेथे ती कशी सावरली, हे ऐकण्याजोगे आहे.

बुर्किना फासोच्या उत्तरेस यातेंगा प्रांत आहे. तेथील जमिनीवर उन्हाने आणि वाहत्या पाण्याने असे टणक कवच धरले होते की पावसाचे पाणी तव्यावरून ओघळावे तसे निघून जाई. गावेच्या गावे स्थलांतर करीत होती. गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या सुमारास वाडवडिलांची एक जुनी युक्ती हाती घेतली. तिला तेथे 'झाई' म्हणतात. आपण झाडाला आळे करतो, तशी वीतभर रुंद आळी उन्हाळ्यातच रानभर खणून ठेवायची. आळे थोडे अधिक खोल, थोडे अधिक रुंद करावे आणि त्यात मूठभर शेणखत घालावे, ही त्याची सुधारणा. खताच्या वासाने वाळवी येते. आपण वाळवी म्हटले की दचकतो. पण तेथे तिने जमिनीत पोखरलेली बारीक बिळेच पाणी आत नेतात. पहिला पाऊस आळ्यात साठतो, आणि त्यातच बाजरी-ज्वारी टोकायची. हेक्टरी दहा हजारांहून अधिक आळी लागतात, तेव्हा कष्टाची कल्पना करा. लोकांनी त्याला वेडा ठरविले. आधी उन्हाळ्यात कोणी रान खणते का? पण जेथे पूर्वी काहीच पिकत नव्हते तेथे कमी पावसाच्या सालीही हेक्टरी तीनशे-चारशे किलो धान्य निघू लागले. शेणखतातून आलेल्या बियांची झाडे उगवली, ती त्याने राखली, आणि पुढे त्याचे राईवजा जंगल झाले. गावोगावचे शेतकरी आपापले बियाणे घेऊन त्याच्याकडे येत, त्याची देवघेव होई. २०१८ साली त्याला 'राइट लाइव्हलीहूड' हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात तो वारला.

त्याच प्रांतात ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेची माणसे १९७९ पासून काम करीत होती. उतारावर आडव्या दगडी ताली घातल्या तर पाणी थबकते, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. पण जवळजवळ सपाट रानात पातळी डोळ्यांना कळत नाही. त्यावर उपाय निघाला तो स्वस्त आणि मस्त. आपले गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात ना? तीच नळी दोन काठ्यांना बांधायची. निरक्षर शेतकरीही एक-दोन दिवसांत समपातळी रेघ आखायला शिकला. परक्या संस्थेने येथे यंत्र आणले नाही की बियाणे विकले नाही. लोकांच्या अर्ध्या ज्ञानाला उरलेले अर्धे जोडून दिले. माझ्या मते चांगल्या मदतीची ओळख हीच.

आता शेजारच्या नायजरमध्ये चला. तेथे मराडी भागात टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण झाडे लावण्याचे काम करीत होता. रोपे लावावीत आणि ती मरावीत, असे चालले होते. १९८३ साली त्याच्या ध्यानात आले की, शेतात जी खुरटी झुडपे म्हणून आपण तुडवितो ती झुडपे नव्हेतच. ती तोडलेल्या जुन्या झाडांची खोडे असून त्यांची मुळे जमिनीखाली जिवंत आहेत. दरसाल त्यांना धुमारे फुटतात आणि दरसाल ते छाटले जातात. मग रोप लावावयाचे नाही, खत घालावयाचे नाही. चार-दोन जोमदार धुमारे ठेवावयाचे, बाकीचे छाटावयाचे आणि राखण करावयाची. तेथील 'गाव' नावाचे बाभळीच्या जातीचे झाड तर असे गुणी की पावसाळ्यात त्याची पाने झडतात, म्हणून खालच्या बाजरीला ऊन मिळते. आणि उन्हाळ्यात ते हिरवे होते, तेव्हा जनावरांना सावली व शेंगा मिळतात. वीस वर्षांत दक्षिण नायजरमध्ये सुमारे पन्नास लाख हेक्टर शेतांत अशी झाडे उभी राहिली. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत ती मोजता आली. त्यांची संख्या सुमारे वीस कोटी भरते.

यातले एक मर्म मात्र विसरू नये. फ्रेंच राजवटीपासून तेथे झाडावर मालकी सरकारची होती. शेतकऱ्याने स्वतःच्या रानातील फांदी तोडली तरी दंड. मग तो झाड वाढू कशाला देईल? ही अंमलबजावणी ढिली पडली आणि झाड आपलेच राहील असा भरवसा वाटू लागला, तेव्हाच धुमाऱ्यांना जीवदान मिळाले. झाड वाचले ते उपदेशाने नव्हे, हक्काने वाचले.

आणि बायका? नायजरमधील केइता भागात इटलीच्या पैशाने अन्न आणि शेती संघटनेने १९८४ पासून माती-पाणी अडविण्याचे मोठे काम चालविले. पुरुष मजुरीसाठी परमुलखी गेलेले. तेव्हा डोंगरउतारावर खड्डे खणणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुरांत बहुसंख्य बायकाच होत्या, आणि मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. आपल्या रोजगार हमीच्या कामावर घमेली वाहणाऱ्या बायकांचेच हे चित्र नव्हे काय? झाडे वाढली तेथे सरपणासाठी बायकांची पायपीट कमी झाली, हा लाभ कोणत्याही धान्याच्या मापात मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट तर खास आपल्या जातीची. साहेलमध्ये सुगीनंतर भाव पडलेला असताना शेतकरी देणे फेडायला धान्य विकतो, आणि पुढल्या पावसाळ्यात, घरातले सरलेले असताना, तेच चढ्या भावाने विकत घेतो. आपल्याकडच्या आखाडाचीच ही कहाणी. सवाई-दिढीने धान्य काढणे काय असते, हे आपल्या आजीला विचारा. मराडी भागात आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने गावच्या बायकांच्या ताब्यात धान्याच्या कोठ्या दिल्या गेल्या. सुगीत धान्य भरायचे, आखाडात आठवड्याच्या बेताने घरोघरी उसने द्यायचे, आणि पीक आल्यावर थोड्या वाढाव्यासह परत घ्यायचे. तो वाढावा सावकाराच्या घरात न जाता कोठीतच राहतो. किल्ली बायकांकडे. पावसाळ्यात पोटाला आधार असला म्हणजे घरधनी स्वतःचे शेत सोडून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात नाही.

आता बियाण्याकडे वळते. १९७२ सालीच हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिला 'इक्रिसॅट' म्हणतात. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग ही गरिबाची पिके तिने पत्करली. तिच्या शीतकोठारात जगभरच्या शेतकऱ्यांच्या वाणांचे सव्वा लाखाच्या आसपास नमुने जतन केलेले आहेत, आणि काही आफ्रिकी देशांना त्यांची वाणे तिने परतही केली आहेत. या संस्थेची एक शाखा नायजरमध्ये आहे.

या कोठाराने आपले काय केले, तेही ऐका. आपल्याकडे १९६५ पासून संकरित बाजरी आली, उत्पन्न वाढले. पण सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने ती बसविली. तेव्हा आफ्रिकेतील वाणांच्या रक्ताने नवी वाणे घडविली गेली. टोगो नावाच्या छोट्या देशात 'इनियादी' ही टपोऱ्या दाण्याची बाजरी आहे. तिच्यातून निवडलेले एक वाण १९८८ साली महाराष्ट्रात लागवडीस आले. त्यातूनच पुढे अधिक लोह असलेले 'धनशक्ती' हे वाण निघाले आणि २०१२ साली राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून ते आपल्या शेतकऱ्यांना मिळाले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, वसतिगृहांच्या शाळांतील सुमारे अडीचशे मुलामुलींवर एक प्रयोग झाला. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि काहींना साधीची. सहा महिन्यांनी पाहिले, तो ज्यांच्या अंगात लोह कमी होते त्यांच्यात जास्त लोहाची भाकरी खाणारी मुले अधिक संख्येने सुधारली होती. गोळी नाही, औषध नाही, रोजची भाकरी! माहेरहून आलेली ही शिदोरी आपल्या लेकींच्या अंगी लागली.

भगिनींनो, येथवर सांगितले ते सारे गोड झाले. पण तुमच्यापुढे अर्धेच चित्र ठेवणे बरे नव्हे. २०१५ साली जगातील राष्ट्रांनी ठरविले की २०३० पर्यंत भूक शून्यावर आणायची. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे उपाशी होती. आफ्रिकेत तर दर पाचांत एकाहून अधिक. साहेलमध्ये आफ्रिकी राष्ट्रसंघाने २००७ साली झाडांच्या 'महान हिरव्या भिंती'चा संकल्प सोडला, दहा कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचा. २०२० च्या अहवालात ठरलेल्या पट्ट्यातील काम चाळीस लाख हेक्टरच भरले. बुर्किना फासोत २०१५ पासून सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ आहे, आणि २०२३ पर्यंत वीस लाखांवर माणसे घरदार सोडून पळाली. खणलेली आळी तशीच राहिली आणि पेरणारे हात निर्वासितांच्या छावणीत गेले. त्यात २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदतीचे आपले खातेच बंद केले. ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्या लहरीवर दुसऱ्याची चूल, ही अवस्था आजही संपलेली नाही.

म्हणूनच मला वाटते, या पन्नास-साठ वर्षांचा निष्कर्ष सरळ आहे. पोते देणारा हात आखडू शकतो. आळे, ताल, झाड आणि बियाणे ही ज्यांच्या स्वतःच्या हातात राहिली, त्यांनी वाईट सालही काढले. परकी मदत तेथे फळली, जेथे तिने माणसाला स्वतःच्या जमिनीवर धनी केले.

आता त्या सभासद-बाईंचा प्रश्न. आपण बायकांनी करायचे काय? मी तीनच गोष्टी सुचविते. पहिली, भाकरी ताटात परत आणा. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. वर्ष संपले, फलक उतरले, आणि आपल्या पोळीच्या डब्यात बाजरी हिवाळ्यापुरतीच राहिली. आपण खाल्ली तर कोरडवाहू शेतकरी पेरील. त्याला पाणीही कमी लागते. दुसरी, आपल्या मंडळाच्या भिशीसारखीच एक धान्याची कोठी सुरू करावी. आपल्याच वस्तीत घरकाम करणाऱ्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसणाऱ्या बायका आहेत. त्यांना दान नको. उसने मिळावे आणि मानाने फेडता यावे. कोठीची व्यवस्थाही त्यांच्यातल्याच दोघींकडे असावी. तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी सातबाऱ्याचा उतारा एकदा काढून पाहावा. निंदणी, खुरपणी, बियाणे राखणे आपले. पण उताऱ्यावर नाव आहे काय? नायजरच्या शेतकऱ्याने झाड कधी वाढविले, ते मी मघाशीच सांगितले. हा प्रश्न घरात भांडण म्हणून नव्हे, घरच्या भल्याचा म्हणून काढावा. पण काढावा जरूर.

यांपैकी कोठीचा ठराव मी पुढील मासिक सभेपुढे लेखी मांडणार आहे. तो पसंत नसेल तर कारणे सांगून हाणून पाडा. त्याचे मला दुःख होणार नाही. ऐकून न ऐकल्यासारखे मात्र करू नका.